‘तुझं बरंय, तुला नवरा आहे’

ताई,

मला ‘तू’च म्हणा. वय ३१. माहेर कोल्हापूर, सासर आणि बँकेतली नोकरी पिंपरी-चिंचवडला. लग्नाला चार वर्षं झाली. नवरा चांगला आहे आणि मला तो आवडतो, हे आधीच सांगते. हॉस्टेलवर असताना माझं एका मैत्रिणीवर प्रेम होतं, तिचंही माझ्यावर. तीन वर्षं. मग तिचं लग्न ठरलं. तिच्या हातावर मेंदी मीच काढली. लग्नाआधी नवऱ्याला हे सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘कॉलेजातलं होतं, झालं गेलं.’ पण ते गेलेलं नाही. मला पुरुष आवडतात तशा बायकाही आवडतात, अजूनही.

मागच्या वर्षी धीर करून क्विअर लोकांच्या, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या, एका भेटीला गेले होते. लग्न झालंय म्हणून सांगितलं, तर एक जण म्हणाली, ‘तुझं बरंय, तुला नवरा आहे.’ पुन्हा गेले नाही. निघताना दुसऱ्या एकीने नंबर दिला होता, तिलाही फोन केला नाही. गेले दोन महिने झोप नाही. कामात चुका होतात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘मूल होऊ द्या, सगळं जागेवर येईल.’ स्वतःसाठी मराठी शब्द शोधला तर गांडूळ निघालं. हा आजार आहे का? मी नवऱ्याला फसवतेय का? आणि त्या लोकांत बसायचा मला हक्क आहे का? कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.

– अधांतरी

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रिय अधांतरी,

तुझे तीन प्रश्न मी वाचले, पण उत्तर सुरू करते ते तू जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या वाक्यापासून. सकाळ होऊ नये असं नुसतं वाटतं, की त्यापुढे काही करायचे विचारही मनात येतात? याचं उत्तर मला कळवू नकोस, स्वतःला दे, आणि खरं दे. पुढचे विचार येत असतील तर माझं हे लिहिलेलं बाजूला ठेव आणि १४४१६ हा नंबर फिरव. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री अडीचलाही कुणीतरी फोन उचलतं आणि मराठीत बोलता येतं. तिथे तुझं सगळं आयुष्य उलगडायची गरज नाही. ‘झोप नाही आणि मनात वाईट येतंय’ एवढं पुरे. घरात नवऱ्याला म्हण, ‘आज मला एकटीला ठेवू नकोस.’ का, ते आज नाही सांगितलंस तरी चालेल.

आणि नुसतं वाटत असेल, तरी ते साधं नाही. दोन महिने झोप नसलेल्या माणसाला जग आहे त्याहून काळं दिसतं. म्हणून आधी झोपेचं बघायचं आणि मग आयुष्याचे निर्णय. हा क्रम उलटा करू नकोस.

आता तुझ्या डॉक्टरांबद्दल. मला राग आलाय, तो लपवत नाही. मूल हे औषध नाही. ज्या बाईला झोप लागत नाही तिला रात्रभर जागवणारं बाळ लिहून द्यायचं, याला उपचार म्हणत नाहीत. तुला मूल हवं असेल तर ते मूल हवंय म्हणून होऊ दे, तुझ्यातलं काहीतरी पुसून टाकायला नको.

तुला जे वाटतं तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून रुग्णाला वेगळी वागणूक द्यायची नाही असं लिहिलेलं आहे, आणि तू सांगितलेलं गुप्त ठेवणं हेही डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कुणाचा लैंगिक कल ‘बदलून देतो’ म्हणणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तू बँकेत काम करतेस म्हणून हे सगळं सालांसकट लिहिते आहे. पुढच्या वेळी समोरचा माणूस काही भलतं बोलला तर तुझ्या बाजूला काय काय आहे, हे तुला माहीत असावं.

पण न लागणारी झोप, चुकणारे हिशेब, सकाळची भीती यांवर उपचार आहेत आणि ते घ्यायला हवेत. आधी साध्या तपासण्या करून घे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. कित्येकदा मनाच्या ओझ्यात शरीराचंही काहीतरी मिसळलेलं असतं. मग समुपदेशक शोध. भेट ठरवायच्या आधी फोनवरच विचार, ‘मला पुरुष आणि बायका दोन्ही आवडतात, माझं लग्न झालेलं आहे, अशा कुणासोबत तुम्ही याआधी काम केलंय का?’ उत्तरात ‘हे बदलता येतं’ किंवा ‘आधी मिस्टरांना घेऊन या’ असं आलं, तर आभार मानून फोन ठेव. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था २०१९ पासून समुपदेशकांना क्विअर लोकांसोबत काम करण्याचं खास प्रशिक्षण देते. ते घेतलंय का, असंही विचारता येतं. एखादा समुपदेशक जमला नाही तर दुसरा बघायचा. चप्पल चावली तर आपण चालणं सोडत नाही.

शब्दाचं. तुला गांडूळ सापडलं ते ‘उभयलिंगी’ या शब्दामुळे. शाळेत जीवशास्त्रात आपण तो शिकलो, एकाच शरीरात नर आणि मादी दोन्हींचे अवयव असलेला जीव, म्हणून गांडूळ, म्हणून जास्वंदीचं फूल. तुझ्यासाठीचा शब्द ‘उभयलैंगिक’. फरक अगदी थोडा दिसतो, पण वर्तमानपत्रंही तो नेहमी पाळत नाहीत. बोलताना बहुतेक जण नुसतं ‘बाय’ म्हणतात. काहींना ‘क्विअर’ हा मोकळाढाकळा शब्द बरा वाटतो. तुला एकही आवडला नाही तर कुठलाच घेऊ नकोस. शब्द अंगाला सैल असावा.

उभयलैंगिक असणं म्हणजे तराजूची दोन्ही पारडी बरोबर तोलणं नव्हे. एकापेक्षा जास्त लिंगांच्या माणसांकडे ओढ वाटू शकते एवढाच अर्थ. ती ओढ एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात, सारख्याच तऱ्हेने वाटायला हवी असं काही नाही. आज तुझ्याशेजारी पुरुष आहे म्हणून तू ‘सरळ’, म्हणजे फक्त पुरुष आवडणारी, झाली नाहीस आणि हॉस्टेलवर मैत्रीण होती म्हणून तेव्हा तू लेस्बियन नव्हतीस. तेव्हाही तू हीच होतीस.

वाचकाला असं उत्तर छापून देण्याची वाट मराठीत फार आधी पडलेली आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक ते १९५३ मध्ये जाईपर्यंत चालू राहिलं. प्रश्न विचारणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण तेव्हाही कुणीतरी रात्री दिव्याखाली बसून तुझ्यासारखंच पत्र लिहिलं होतं, हे मला तुला सांगावंसं वाटलं.

आता मेंदी. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी मात्र तिथेच थांबले.

तीन वर्षं जिच्यावर प्रेम केलंस तिच्या हातावर तू मेंदी काढलीस. त्या मेंदीत तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं नावही तुलाच लिहावं लागलं असेल. मग मांडवात अक्षता टाकल्यास, जेवलीस, घरी आलीस. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असेल तर ‘लग्न छान झालं’ म्हणाली असशील. तुझा भाऊ किंवा चुलतभाऊ प्रेमात असा हरला असता, तर घरातल्यांना निदान कळलं असतं की पोरगं गप्प का आहे. आईने आवडीचं काहीतरी केलं असतं, मित्र रंकाळ्यावर घेऊन बसले असते. तुझ्या दुःखाला असा एकही साक्षीदार मिळाला नाही. आणि मग नवऱ्याने, अगदी चांगल्या मनाने, त्याचं नाव ठेवलं ‘झालं गेलं’.

तुझी झोप कशाने उडाली हे मी लांबून सांगू शकत नाही. पण न केलेला शोक असा वर्षांनी परत येतो, हे मी पुष्कळ जणींत पाहिलंय आणि माझ्यातही. होय, मीही उभयलैंगिक आहे, आणि माझ्या लग्नाला २२ वर्षं झाली. तेव्हा स्वतःची काळजी घे असं मी म्हणते त्याचा माझ्या लेखी पहिला अर्थ हा, की त्या मुलीसाठी एकदा नीट रड. तिला फोन करायचा नाही, तिच्या संसाराचं दार वाजवायचं नाही. एक वही घे, तिला पत्र लिही, न पाठवण्याचं. काय आवडायचं, कशावरून भांडलात, मेंदी काढताना हात थरथरला का. लिहून झालं की घरात सुरक्षित जागा नसेल तर फाडून टाक, पण लिही. रविवारी नवरा बाहेर गेला असताना लिही, रात्री नको, रात्र आधीच थकलेली असते.

बाकी काळजी साधीच आहे. झोपायच्या तासभर आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. निनावी खात्यावरून मध्यरात्री दुसऱ्यांची आयुष्यं बघत बसणाऱ्या खूप जणी मला लिहितात. तू त्यातली असशील तर दिवसा बघ. ऊन अंगावर पडेल असं वीस मिनिटं चाल. दुपारनंतर चहा बंद. आणि जेवणाच्या सुट्टीत बँकेतल्या गप्पांत प्रत्येक वाक्य तोंडातून काढण्याआधी तपासून बघायची सवय लागली असेल, तर ती किती दमवते याची निदान नोंद घे. अशा सतत सावध राहण्याचा माणसावर होणारा परिणाम इलान मेयर या संशोधकाने २००३ मध्ये सविस्तर मांडला. लेस्बियन, गे आणि उभयलैंगिक लोकांत चिंता आणि नैराश्य जास्त दिसतं त्याचं कारण त्यांच्या ओढीत नाही, भोवतालच्या वागण्यात आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं की उभयलैंगिकांना हा त्रास बऱ्याचदा लेस्बियन आणि गे लोकांपेक्षाही जास्त होतो. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. बाकीच्यांना निदान एका घरात तरी विश्वासाने घेतात. आपल्याकडे दोन्ही घरांतून संशयाने बघतात.

त्यावरूनच त्या भेटीकडे येऊ. ‘तुझं बरंय, तुला नवरा आहे.’

हे बोलणारीवर मला लगेच चिडता येत नाही. तिच्या बाजूनेही बघ. सहा सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना मोकळं केलं. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा अधिकार दिला नाही. ती कदाचित एका बाईबरोबर दहा वर्षं राहत असेल आणि भाडेकरारावर दोघी ‘मैत्रिणी’ असतील. उद्या एकीला दवाखान्यात ठेवलं तर कागदावर सही करायला दुसरीला कुणी विचारेल याची खात्री नाही. तुझं मंगळसूत्र बघून हे सगळं तिच्या पोटातून वर आलं असेल. आणि तुला तिच्याहून काही गोष्टी सोप्या आहेत, हे खरंच आहे. ते नाकारू नकोस. मीही नाकारत नाही.

पण तिचं वाक्य तरी चुकलंच. तुला जे मिळालंय ते तू ‘दिसत नाहीस’ या अटीवर मिळालंय. ज्या दिवशी दिसशील त्या दिवशी त्यातलं किती उरेल, हे तुलाही ठाऊक नाही, म्हणूनच तर तू जागी आहेस. दुःखाची वजनं करून कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या जागेत शेवटी कुणीच टिकत नाही.

हक्काचं विचारशील, तर तू पाहुणी म्हणून गेलीच नव्हतीस. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ सुरू झालं, पुढे त्याचं नाव ‘लाबिया’ झालं. ते पहिल्यापासून लेस्बियन आणि उभयलैंगिक बायकांचं होतं. अमेरिकेत १९७० मध्ये पहिला प्राइड मोर्चा, म्हणजे क्विअर लोकांची अभिमानाची फेरी, उभा करणाऱ्यांत ब्रेंडा हॉवर्ड होती, ती उभयलैंगिक होती. गुलाबी, जांभळा आणि निळा असा आपला वेगळा झेंडा १९९८ पासून आहे. दरवर्षी २३ सप्टेंबरला आपला दिवस असतो, १९९९ पासून. त्या खोलीतल्या खुर्च्या मांडणाऱ्यांत तुझ्यासारख्या बायका होत्या.

परत जा. पण थेट तीस जणांच्या गोल बैठकीत नको. आधी एकीला भेट. नंतर पुण्यात पर्याय आहेत. बिंदुमाधव खिरे यांनी क्विअर लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि २०११ च्या डिसेंबरात पुण्यातला पहिला प्राइड निघाला, तेव्हापासून या शहरात लहानमोठे गट होत आले आहेत. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. गट निवडताना आधी कुणाशी तरी बोलून विचार की लग्न झालेल्या, उभयलैंगिक बायका येतात का, फोटो काढतात का, नाव बदलून आलं तर चालतं का. बहुतेक ठिकाणी चालतं. आणि एका गटात मन रमलं नाही तर दोष आपल्यात नाही. भिशीसुद्धा बायका बदलतात.

कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे पूर्णपणे तुझं. सासूबाईंना सांगितल्याशिवाय आपण खोट्या, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. त्यांच्याच घरात तुला उद्याही राहायचंय. मी माझ्या बहिणीला लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं. आईला सांगितलंच नाही, ती गेली. त्याची मला खंत आहे, अपराध वाटत नाही. पुढेमागे माहेरी सांगावंसं वाटलं, तर ‘स्वीकार’ हा क्विअर मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. अशा आईशी तुझी आई बोलू शकेल. कित्येक आया मुलीचं ऐकत नाहीत, पण दुसऱ्या आईचं ऐकतात.

उरला नवरा. तू त्याला फसवत नाहीस. लग्नाआधी सांगणारी बाई कुणाला फसवते? कुणी आवडणं आणि दिलेला शब्द मोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यालाही वाटेत इतर बायका आवडत असतील, त्यावरून तू त्याला गुन्हेगार ठरवत नाहीस. पण एक गोष्ट मी कडक सांगते. उद्या नुसतं आवडण्यापलीकडे जावंसं वाटलं, तर ते लपून नको. तो प्रश्न दोघांचा आहे, दोघांनी समोरासमोर बसून सोडवायचा, उत्तर काहीही येवो. लपवलेल्या गोष्टीने तुझी उरलीसुरली झोपही जाईल.

‘झालं गेलं’ म्हणताना तो बहुधा घाबरला होता. आपण पुरे पडणार नाही, ही सोडून जाईल, अशी ती भीती असते. तेव्हा बोलताना आधी त्या भीतीला उत्तर दे. झोपायच्या वेळी बोलू नकोस, भांडणात तर नकोच. शनिवारी दोघं कुठेतरी चालत असाल तेव्हा. एकमेकांकडे बघावं लागत नाही म्हणून चालताना बोलणं सोपं जातं. म्हण, ‘मी कुठेही जात नाहीये. पण ते कॉलेजातलं नव्हतं, ते माझ्यात आहे, आणि ते नाही असं तू म्हणालास की मीच नाही असं वाटतं. तू काही करू नकोस, फक्त पुसू नकोस.’ मग त्याला वेळ दे. पहिल्या दिवशी तो काहीतरी चुकीचं बोलेल. दुसऱ्या आठवड्यात काय बोलतो ते महत्त्वाचं. आणि त्याला तुझा समुपदेशक करू नकोस, ते त्याला झेपणार नाही आणि तुला पुरणार नाही.

तो हे ऐकून तुला धमकावेल, घरच्यांना सांगेन म्हणेल, अशी थोडीही शंका असेल, तर मात्र थांब. आधी समुपदेशकाशी बोल, आधी एखादी मैत्रीण जवळ असू दे.

आणि तो नंबर. निघताना जिने दिला होता ती. तुझ्याकडे अजून असेल. एका वर्षाने फोन केला तर काय वाटेल, म्हणून संकोचू नकोस. अशा भेटीतून मान खाली घालून निघालेली बाई तिने ओळखली होती, म्हणून तर उठून आली. फोन जड वाटत असेल तर मेसेज कर. ‘मागच्या वर्षी आपण भेटलो होतो, मी लवकर निघाले होते. चहाला भेटायचं का?’ एवढाच. बाकीचं भेटल्यावर.

चार आठवड्यांनी मला लिही. झोपेचं काय झालं, ते आधी.

तुझी,
ताई